मण्यारीचे दात

दिवाळीनंतरच्या एका सकाळी वच्छलानं माझ्या खाटेखालून झाडू फिरवला आणि सुपलीत काहीच आलं नाही. ती तशीच वाकून पाहत राहिली. मग सुपली माझ्यासमोर धरून म्हणाली, "पाहा बरं, आज तुमचं काहीच नाई निघालं." एक केस होता, थोडी धूळ होती. चाळीस वर्षं ती त्याला 'तुमचं' म्हणत आली. 'तुमचं' म्हणजे माझ्या अंगावरून रात्रभर गळलेले पांढरे पापुद्रे, मूठभर, हिवाळ्यात दोन मुठी. बोलण्यात तिनं कधी किळस दाखवली नाही; ती ते अंगणातल्या कढीपत्त्याच्या बुंध्याशी टाकायची आणि झाड जोमानं वाढायचं. शेजारच्या बायांना हे कळल्यापासून आमच्या दारी कढीपत्ता मागायला कोणी आलं नाही. त्या रिकाम्या सुपलीकडे पाहून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या क्षणभर आधी मला माझ्या थोरल्या परसरामभाऊची आठवण झाली. कायले झाली, असं मी स्वतःलाच विचारलं आणि उत्तर माहीत असल्यामुळे लगेच पेपर उघडला.

हे मी नीट सांगू शकेन की नाही, याची मला खात्री नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये तेहेतीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं. स्वतःचं असं मी एकदाच काही रचलं, पंधराव्या वर्षी, आणि ते इतकं चांगलं जमलं की पुन्हा रचायची हिंमत झाली नाही. त्याबद्दल पुढे सांगतो. आजाराचं नाव सोरायसिस. पहिला चट्टा अठराव्या वर्षी उजव्या कोपरावर उठला, रुपयाएवढा, आणि मग तो कोपराकडून खांद्याकडे, डोक्याकडे, पाठीकडे असा गेला. खाजवलं की पापुद्रा सुटायचा आणि खाली रक्ताचे बारीक ठिपके उभे राहायचे. गावात आधी सगळ्यांना महारोग वाटला. केस कापणारा म्हणाला, वस्तरा घरून आणत जा. पंचविसाव्या वर्षी डॉक्टरनं सांगितलं की हे कोणाला लागत नाही, पण ते त्यानं मला एकट्याला सांगितलं; गावाला कोण सांगणार? मी मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून शाळेत गेलो. पोरं माझ्या मागे 'खवल्या मास्तर' म्हणायची. तपासलेली वही परत घेताना एक कोपरा दोन बोटांत धरायची आणि बाकावर पोहोचल्यावर पानांवर फुंकर मारायची. एक बाई शाळेच्या फाटकाशी थांबून अगदी नरमाईनं म्हणाली होती, "गुरुजी, आमच्या पोट्टीच्या वहीले हात नका लावू जी. लाल शाईनं दुरून लिवा." दुरून कसं लिहितात हे तिलाही माहीत नव्हतं. मी 'बरं' म्हणालो. आयुष्यभर मी बहुतेक वेळा 'बरं' म्हणालो आहे.

आमच्या लोकांनीही वेगळं काही केलं नाही. विहारात वैशाख पौर्णिमेला खीर वाटतात. दरवर्षी मला माईकपुढे ग्रंथ वाचायला बसवायचे, गुरुजींचा आवाज चांगला आहे म्हणायचे. खिरीच्या गंजाजवळ मला कोणी बोलावलं नाही. कोणी नको म्हटलं, असंही नाही. माझा आजा गावच्या विहिरीपासून लांब उभा राहायचा आणि कोणी वरून ओतलं तर ओंजळीनं पाणी प्यायचा. बापानं छप्पन साली दीक्षा घेतली आणि ती ओंजळ मोडली. त्या घरातल्या माणसाला न बोललेलं 'नको' ऐकू येतंच. मी वाचत राहायचो. वाचताना मान हलली की पापुद्रे ग्रंथाच्या दोन पानांच्या मधल्या घळीत पडायचे. ते मी बोटानं टिपून खिशात घालायचो. माझ्या सगळ्या पुस्तकांच्या घळीत मी आहे.

मलमं झाली, डांबराच्या वासाचं तेल झालं, एका वैद्याच्या काळ्या गोळ्या झाल्या. त्यांनी दोन महिने कातडी गुळगुळीत केली, तोंड भोपळ्यासारखं सुजवलं आणि बंद करताच सगळं दुप्पट परत आलं. मग आठवड्यातून एकदा घ्यायच्या पिवळ्या गोळ्या, मळमळ, यकृताच्या तपासण्या. रोज जेवण झाल्यावर वच्छला पाठीला खोबरेल चोळायची. एवढाच एका माणसाचा हात माझ्या अंगाला माहीत होता. मुलगा सुगत लहानपणी माझ्या मांडीवर बसायचा, पण कपड्यांवरून. मी त्याला उघड्या हातांनी कधी उचललं नाही. मलाच नको वाटायचं. लागत नाही हे पुस्तकात वाचलं होतं तरी. वाचलेल्यावर माझा विश्वास नसतो, फक्त रचलेल्यावर असतो.

गेल्या वर्षी, ऑगस्टात, सुगत मला नागपूरला एका मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्याची बायको प्रतिक्षा तेव्हा पाच महिन्यांची पोटुशी होती. तिनंच मोबाइलवर शोधून काढलं होतं की नवीन इंजेक्शन आलं आहे, दर पंधरा दिवसांनी घ्यायचं. निघताना ती हसून म्हणाली होती, "बाबा, डिसेंबरात बाळ येईन न, तवा तुमीच पयले घ्याजा त्याले. फूल बाह्या गिह्या काही नाई." डॉक्टरांनी तपासण्या केल्या. सगळी कागदं समोर पसरून ते म्हणाले की इंजेक्शन छान आहे, पण ते शरीराच्या पहारेकऱ्यांना झोपवतं, आणि जुना टीबी आत दबलेला असेल तर तो उठून बसतो. माझी रक्ताची तपासणी धड हो नाही, धड नाही नाही अशी आली होती. छातीच्या फोटोत वर उजवीकडे एक जुना डाग होता, मसुराएवढा. "हा कसलाही असू शकतो," ते म्हणाले. "घरात कोणाला टीबी होऊन गेला आहे का? आई, वडील, भाऊ, बहीण? असेल तर आधी तीन महिने गोळ्या देऊ आणि मग इंजेक्शन सुरू करू. घाई नाही." माझ्याआधी सुगत बोलला. "नाई जी डॉक्टरसाहेब, आमच्या घरी कोणालेच नाई. एक मोठे बाबा होते, ते साप चावून गेले. हो न बाबा?" तीन महिने. मी मनात ऑगस्टात तीन मिळवले. मग गुण यायला आणखी तीन. फेब्रुवारी. बाळ डिसेंबरात. "हाव," मी म्हणालो. आणि कोणी विचारलं नसताना पुढे म्हणालो, "मण्यार होती." डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहिलं. पन्नास वर्षं थांबलेल्या माणसाला तीन महिने थांबवले नाहीत.

मण्यार मी रचली होती. त्र्याहत्तर सालचा नोव्हेंबर, आमचं गाव आंधळगाव, धान कापणीला आलेला. परसरामभाऊ माझ्याहून सात वर्षांनी मोठा. तो विड्या वळायचा. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, आणि शेजारी मी, त्याला पेपर, गावच्या वाचनालयातलं पुस्तक, जे मिळेल ते मोठ्यानं वाचून दाखवणारा. त्याला वाचता येत होतं, पण हात मोकळे नसायचे. "मंग? मंग काय झालं?" असं तो पान उलटायच्या आत विचारायचा. मला वाचायला त्यानं लावलं. त्याला खोकला लागला, मग ताप, मग कफात रक्त. मोहाडीच्या सरकारी दवाखान्यात इंजेक्शनं सुरू केली, बरं वाटलं म्हणून सोडली. पावसाळ्यात बापानं त्याची खाट गुरांच्या कोठ्यात टाकली आणि बहीण ललिताला मामाच्या घरी पाठवून दिलं, कारण लाखनीचं स्थळ ठरत आलं होतं आणि घरात असा माणूस आहे हे बाहेर जायला नको होतं. कोठ्यातही मी वाचायला जायचो. दोन महिने त्याच्या खाटेच्या पायथ्याशी बसून वाचलं. तो खोकायचा तेव्हा मी ओळीवर बोट ठेवून थांबायचो. मग बापानं पाहिलं आणि म्हणाला, "भायेरूनच वाच." तेव्हापासून मी कोठ्याच्या दाराबाहेर उभा राहून वाचायला लागलो. एका सकाळी आतून भाऊचा आवाज आला, "तेजू, आत ये न गा. आयकू नाई येऊन राहिलं." मला ऐकू आलं होतं. मी पान उलटलं आणि जास्त मोठ्यानं वाचायला लागलो. तो पुन्हा म्हणाला, "तेजू." मी आणखी मोठ्यानं वाचलं. भीती होती, हे खरं. पण मोठा केलेला माझा आवाज मला आवडत होता, हेही खरं आहे, आणि हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही.

पाच दिवसांनी तो गेला. कोठ्यात मी, बाप आणि माय. माय अजून रडायला लागली नव्हती. रडली असती तर लोक आले असते. बाप म्हणाला, "आता पोरीले कोण नेईन?" आणि मी म्हणालो, "साप म्हणा." बापानं माझ्याकडे पाहिलं. "कोनता?" "मण्यार." "कुठं?" "वावरात. कापलेल्या धानाच्या कडपाखाली होती. भारा बांधाले वाकला तवा चावली." "दोन मयने तो उठला नाई, कोन मानीन?" "आज बरं वाटून राहिलं म्हून गेला म्हणा. घरी बसून कंटाळला होता म्हणा." मी सगळं सांगितलं. मण्यारीचा काळा रंग आणि पांढरे पट्टे, तिचा दंश दुखत नाही, म्हणून माणूस घरी चालत येतो, पाणी मागतो आणि निजतो. हे शाळेच्या पुस्तकात होतं. बाप जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे थोरल्या माणसाकडे पाहावं तसा पाहत होता. मग म्हणाला, "खुणा?" कुंपणाला बाभूळ होती. काटा मी आणला. बाप म्हणाला, "तूच कर, मायाच्यानं नाई होनार." मी भाऊच्या घोट्याच्या वर दोनदा टोचलं, बोटभर अंतरावर. रक्त आलं नाही. मेलेल्या माणसाला रक्त येत नाही, हे पुस्तकात नव्हतं. मग तोच काटा मी माझ्या बोटात टोचला आणि दोन्ही खुणांवर एकेक थेंब लावला. त्यानंतर मायनं हंबरडा फोडला. अख्खं आंधळगाव आलं, खुणा पाहिल्या, हळहळलं. एक म्हातारी तर म्हणाली, ती मण्यार तिनंही परवा पाहिली होती. ललिताबाईचं लग्न पुढच्या मे महिन्यात लाखनीत झालं. तीन वर्षांनी माझ्या कोपरावर चट्टा उठला, काटा धरला होता त्याच हाताच्या. दोन गोष्टींचा असा संबंध लावणं हा पुस्तकी माणसाचा रोग आहे, मला कळतं. तरी लावला आहे.

पहिल्या दिवशी इंजेक्शनचा दुप्पट डोस असतो. नर्सनं डाव्या मांडीवर दोन सुया दिल्या, बोटभर अंतरावर, आणि दोन्ही ठिकाणी एकेक थेंब रक्त उभं राहिलं. "दुखलं का काका?" तिनं विचारलं. "नाही," मी म्हणालो. खरंच दुखलं नव्हतं. घरी येताना गाडीत मी सोबत मिळालेला कागद वाचला, बारीक अक्षरातला, चारपदरी घडीचा, कोणीच वाचत नाही असा. तो मी दोनदा वाचला. टीबीची ओळ पहिल्याच पदरात होती, चौकट करून. मी त्याची पुन्हा मूळ घडी घातली, जी घालणं फार कठीण असतं, आणि एका पुस्तकात ठेवून दिला.

आणि मग ती रिकामी सुपली. डिसेंबरात मी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून खात रोडच्या सलूनमध्ये गेलो आणि पोरानं माझ्या मानेला सहज हात लावला. मी घरी येऊन न्हाणीघरात रडलो. मुलगी झाली, प्रतिक्षानं तिचं नाव खुशबू ठेवलं. दवाखान्यातच ती म्हणाली, "घ्या बाबा, मी म्हणलं होतं न," आणि तो गरम, ओलसर जीव माझ्या उघड्या कोपरांवर ठेवला. माझ्या कातडीला एवढं कळतं हे मला माहीत नव्हतं. तिचे केस, तिच्या टाळूची धडधड, तिची बारीक नखं. मी सहासष्ट वर्षांचा होतो आणि मला नुकतं अंग मिळालं होतं. मी तिला खाली ठेवेना. वच्छला म्हणायची, "अवो, द्या न थोडी मले बी. पोरगी आहे का ग्रंथ आहे तो?" मी तिला मांडीवर घेऊन मोठ्यानं वाचायचो. ती माझ्या ओठांकडे पाहायची आणि माझा आवाज उंचावला की मान वळवायची. वच्छला आता माझ्या पाठीला तेल लावत नव्हती. लावायचं कारण राहिलं नव्हतं. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

एप्रिलात पहाटेचा खोकला सुरू झाला. डॉक्टरांना कळायला फोटो लागतो, मला लागला नाही. तो आवाज मी ओळीवर बोट ठेवून दोन महिने ऐकला होता; आधी कोरडा, मग आतून काहीतरी उपटल्यासारखा, मग एक लांब सुस्कारा. भाऊ माझ्या घशात येऊन बसला होता. मला कळलं. हे वाक्य मी अनेकदा वेगळं लिहून पाहिलं. मला शंका आली, असं, मला वाटलं धूळ असेल, असं. पण मला कळलं. डॉक्टरांना सांगितलं असतं तर इंजेक्शन त्या दिवशी बंद झालं असतं, महिन्याभरात पापुद्रे परत आले असते आणि मी पुन्हा पूर्ण बाह्यांत गेलो असतो. न्हाणीघरात नळ सोडून मी खोकायचो. वच्छला बाहेरून म्हणायची, "किती पाणी सोडता जी, टाकी सरून राहिली न!" पाच इंजेक्शनं मी खोकत घेतली. बाहेर येऊन, हात साबणानं धुऊन, खुशबूला उचलायचो. हात मी नेहमी धुतले.

वैशाख पौर्णिमेला यंदा मी माईकपुढे बसलो नाही. खिरीच्या गंजाजवळ गेलो, वाटणाऱ्याच्या हातून पळी घेतली आणि वाढायला लागलो. लोक आले, माझ्या हातून द्रोण घेतला, कोणी म्हणालं, "काय गुरुजी, एकदम जवान झाले तुमी!" कोणी काही म्हणालं नाही, नुसतं घेऊन खाल्लं, आणि ते मला सगळ्यात गोड वाटलं. शेवटी प्रतिक्षा खुशबूला घेऊन आली. पाच महिन्यांची झाली होती, वरचं काही अजून दिलं नव्हतं. प्रतिक्षा म्हणाली, "बाबा, पयला घास तुमच्याच हातानं." मी बोट खिरीत बुडवलं आणि तिच्या तोंडात दिलं. तिनं ते दोन्ही हिरड्यांनी धरून ठेवलं. घशात खोकला आला होता. मी तो दाबला, डोळ्यांत पाणी आलं, आणि सगळ्यांना वाटलं गुरुजी गहिवरले. तिच्या चेहऱ्यापासून माझा चेहरा वीतभर होता.

जूनच्या मध्यात तिला ताप आला, उतरेना. मग उलट्या, मग ती एकाच कोपऱ्याकडे पाहायला लागली. नागपूरला लहान मुलांच्या वॉर्डात तिच्या मणक्यातून पाणी काढलं. टीबी होता, मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेला. लस टोचली होती, तरी. डॉक्टरांनी घरातल्या प्रत्येकाच्या छातीचा फोटो काढायला सांगितला आणि माझ्या फोटोत तो मसुराएवढा डाग लिंबाएवढा झाला होता. इंजेक्शन बंद झालं, गोळ्या सुरू झाल्या. सगळे म्हणाले, इंजेक्शननं बाबांची ताकद कमी केली, त्यात कुठून तरी लागलं. कुठून, हा प्रश्न होता, आणि उत्तर सुगतनंच काढलं. प्रतिक्षाचा मामा, आंबागडचा, जंगल खात्यात मजूर, त्याला सात वर्षांपूर्वी टीबी झाला होता. लपवून ठेवलं नव्हतं त्यांनी. लग्न जुळवताना तिच्या वडिलांनी आपणहून सांगितलं होतं, गोळ्या पूर्ण केल्या, कागद दाखवतो, असंही म्हणाले होते. मामा बारशाला आला होता. "त्यानंच घेतली होती न खुशबूले?" सुगत वॉर्डाच्या जिन्यात प्रतिक्षाला म्हणाला. "अर्धा घंटा घेऊन बसला होता. तुले समजत नाई का? तुया घरचा रोग तू इथं आणला." प्रतिक्षा म्हणाली, "तो बरा होऊन सात वर्स झाले जी. डॉक्टरले विचारा न." वच्छला म्हणाली, "मी तवाच म्हणत होती, त्या घरची पोरगी नको." मी दोन पायऱ्या खाली उभा होतो, तोंडाला मास्क.

जुलैत आरोग्य खात्याकडून रिता नावाची मुलगी घरी आली, हातात फॉर्म. खुशबू आणि प्रतिक्षा वॉर्डातच होत्या. ललिताबाई लाखनीहून मला भेटायला आली होती, सत्तरीची, गुडघ्यांनी थकलेली. रितानं वजनं विचारली, घरात माणसं किती, खिडक्या किती, आणि मग विचारलं, "गुरुजी, याच्या आधी घरात कोणाले टीबी? तुमच्या पिढीत? लहानपणी जवळ राहिले असान असं कोणी? खरं सांगा बरं, यात लाजाचं काही नाई. लिवून घेतलं का मले बी समजते रोग कुठून आला." पेन कागदाला टेकवून ती थांबली. एक नाव सांगायचं होतं. पाच अक्षरं. सांगितलं असतं तर मामा सुटला असता, प्रतिक्षा सुटली असती. मी ललिताबाईकडे पाहिलं. तिला वाटलं मी तिला बोलायला सांगतो आहे. "नाई माय," ती रिताला म्हणाली, "आमच्या घरी असा रोग नव्हता कधी. एक मोठा भाऊ होता, त्याले मण्यार चावली. कापनीच्या दिवसांत. घरी बसून कंटाळला होता, म्हून वावरात गेला, भारा बांधाले वाकला अन कडपाखालून..." तिनं पदर डोळ्यांना लावला. "काळी, पांढऱ्या पट्ट्यांची. दुखतच नाई तिचं चावनं. चालत घरी आला, पानी मांगलं, निजला. मी मामाच्या घरून आली तवा त्याच्या पायाले दोन खुना पाहिल्या मी, माया डोळ्यानं. रक्त होतं वाळलेलं. अजून दिसते मले." एकही शब्द बदलला नव्हता. एकावन्न वर्षं तिनं ते जसंच्या तसं जपलं होतं. रिता म्हणाली, "अरेरे," आणि त्या रकान्यात आडवी रेघ मारली. वच्छलानं चहा आणला. ललिताबाई माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तेजू तवा लहान होता. लय जीव होता भावाचा याच्यावर." मी म्हणालो, "चहा घे बाई, थंड होते."

ऑगस्टात प्रतिक्षा खुशबूला घेऊन घरी आली. त्या आठवड्यात तिचा मामा आंबागडहून बसनं आला. सुगत घरी नव्हता. वच्छलानं त्याला ओसरीत खुर्ची दिली आणि पाणी दिलं, रोजच्या ग्लासात नाही, कपाटामागे पडलेल्या एका जुन्या, पोचा आलेल्या ग्लासात. मी खिडकीतून पाहत होतो. त्यानं ग्लासाकडे पाहिलं. आमच्यातल्या माणसाला अशा ग्लासाची ओळख करून द्यावी लागत नाही. तो पाणी प्याला, उठला, अंगणातल्या नळावर ग्लास स्वतः विसळला आणि कढीपत्त्याच्या आळ्याच्या कडेवर पालथा ठेवला. सोबत आणलेली खुळखुळ्याची पिशवी त्यानं खुर्चीवर ठेवली. "पोरीले देजा," तो म्हणाला, "मी लांबूनच पाहून घेतो." प्रतिक्षा दारात खुशबूला घेऊन उभी राहिली. त्यानं अंगणातूनच टाळ्या वाजवल्या, जीभ टाळूला लावून टॉक टॉक आवाज काढले. खुशबू त्याच्याकडे वळली नाही. त्यानं पिशवीतून खुळखुळा काढून वाजवला. ती आईच्या बांगडीकडे पाहत होती. मी खिडकीच्या आत होतो आणि मला त्याच क्षणी समजलं, डॉक्टरांच्या मशीनवर महिन्यानंतर दिसलं ते. वाचली होती ती. कान गेले होते, दोन्ही.

आता पुन्हा डिसेंबर आहे. पापुद्रे कधीच परत आले आहेत, आधीपेक्षा जास्त, तळव्यांवर आणि पापण्यांवरही. रोज सकाळी वच्छला झाडू फिरवते आणि सुपली भरते. "आलं तुमचं," ती म्हणते. पाठीला तेल लावायला ती पुन्हा बसत नाही. तिच्या हातांची सवय गेली आहे की आणखी काही, मी विचारलं नाही. सुगत प्रतिक्षाशी कामापुरतं बोलतो. तिला माहेरी पाठवत नाही, तिच्या घरच्यांना इथं येऊ देत नाही. दिवाळीत तिची आई बसस्टँडवर येऊन तिला भेटून गेली. डॉक्टर म्हणतात माझ्यापासून आता कोणाला धोका नाही. तरी मी खुशबूच्या खोलीत जात नाही. उंबरठ्याच्या बाहेर खुर्ची टाकून बसतो. कोणी सांगितलेलं नाही. प्रतिक्षाच म्हणाली, "वाचत जा न बाबा तिच्यासमोर. आयकू नाई येत तरी ओठ तर दिसते तिले. डॉक्टर म्हणते ओठ पाहूनच शिकन. अन तुमच्यावर तिचा लय जीव आहे." सगळ्या घरात माझ्याशी सरळ बोलणारी ती एकटीच आहे.

काल दुपारी वच्छला विहारात गेली होती, सुगत कामावर, प्रतिक्षा मागे कपडे धूत होती. खुशबू गादीवर बसून माझ्याकडे पाहत होती. मी पुस्तक उघडलं आणि वाचलं नाही. मी तिला परसरामभाऊचं सांगितलं. मोठ्यानं, वर्गात सांगतात तसं, एकेक शब्द सुटा करून. विड्या, खोकला, कोठा, दाराबाहेरचं वाचन, 'आत ये न गा'. काटा, दोन खुणा, माझ्या बोटाचं रक्त. नागपूरचे डॉक्टर आणि तीन महिने. नळ सोडून खोकलेल्या पहाटा, खिरीचं बोट. काहीही गाळलं नाही, मध्ये एकदाही अडखळलो नाही. आवाज कोठ्याबाहेर होता तसाच चढत गेला आणि खरं सांगायचं तर मला तो आवडत होता. खुशबू माझ्या ओठांकडे टक लावून पाहत होती. एकदोनदा तिनं स्वतःचे ओठ तसे हलवून पाहिले. मी संपवलं तेव्हा ओल्या हातांनी प्रतिक्षा मागच्या दारातून आत आली, पदराला हात पुसत. खुशबूला हसताना पाहून तिलाही हसू आलं.

"काय चालू होतं जी बाबा? मागं नळाच्या आवाजात काही समजलं नाई. लय मोठ्यानं वाचून राहिले होते."

"गोष्ट," मी म्हणालो.

"कोनाची?"

मी पुस्तक मिटलं. मांडीवर पापुद्रे पडले होते, ते बोटानं टिपले आणि खिशात टाकले.

"सापाची," मी म्हणालो.

"हाव का?" ती खुशबूला उचलून घेत म्हणाली, आणि तिला माझ्या तोंडासमोर धरलं. "सांगा न मंग आणखी एक डाव. पाहा, कशी पाहून राहिली तुमच्याकडे."